दुसऱ्या पाण्याचा लव्हाळा

ते साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझं बोलणं वर्षांच्या कुंपणावरून इकडेतिकडे उड्या मारत जाणार, तेव्हा कुठेतरी एक खुंटी ठोकलेली बरी. आठवायला कारण अगदी क्षुल्लक झालं. परवा मंगळवारी मी इथे अमेरिकेत, टकोमा शहरातल्या आमच्या इमारतीसमोर बसची वाट बघत उभी होते. रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात नगरपालिकेची माणसं फुलझाडं लावत होती. त्यातल्या एका मुलीच्या हातातला ट्रे कलला आणि त्यात खोचलेल्या दोन पांढऱ्या पट्ट्या डांबरावर पडल्या. तिनं त्या उचलल्या, न वाचताच जागा दिसली तिथे खोचल्या आणि काहीतरी गुणगुणत पुढे गेली. एवढंच. बस आली, दार उघडलं, चालक म्हणाला, "चढताय ना आजी?" मी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते त्याला कळलं नाही आणि मलाही. दार मिटलं. बस गेली. मी तिथेच उभी राहिले, आणि माझ्या बोटांना ओल्या लाकडाचा, पेन्सिलीच्या शिशाचा आणि ग्रीनहाऊसमधल्या काळ्या मातीचा वास यायला लागला. हात नाकाशी नेऊन पाहिले. साबणाचा वास होता. पण तो दुसरा वास काही जाईना.

त्या साली मी तेवीस वर्षांची होते आणि राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातल्या कामाचा तो माझा दुसरा उन्हाळा. काम काय, तर माणसांनी मुक्काम करकरून जिथे डोंगराला टक्कल पाडलं होतं तिथे पुन्हा गवत आणायचं. केटल खिंडीतल्या कुरणात अशी एकवीस टकलं होती. वीस-पंचवीस वर्षं लोक तिथे तंबू ठोकत आले, चुली पेटवत आले, तिथल्या छोट्या तळ्याकडे जाणाऱ्या एका पायवाटेच्या त्यांनी पाच केल्या. वर्षातले आठ-नऊ महिने बर्फाखाली असलेली ती जमीन. तिला बोटभर गवत धरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माणसाचं लग्न होऊन त्याची पोरं शाळेत जातात. आम्ही चुलींचे दगड उचलून दूर नेऊन काळी बाजू खाली करून टाकायचो. घट्ट झालेली जमीन कुदळीनं फोडायचो. तिच्यात मोठाले धोंडे असे पुरायचो की तीन हिस्से आत आणि एक हिस्सा वर, म्हणजे तिथे कुणाला तंबू पसरावासाच वाटू नये. मग वितीवितीवर लव्हाळ्याचं एकेक रोप, वर तागाची जाळी, ओढ्यावरून झारीनं आणलेलं पाणी. पाऊल ठेवायचं ते दगडावर, बसायचं ते दगडावर. आणि दिवस संपला की शेवटच्या माणसानं वाकून उलटं चालत, आपल्या पावलांखाली दबलेलं गवत बोटांनी उभं करत बाहेर यायचं. ते काम बहुतेक माझ्याकडे असे. मला ते फार आवडायचं. आपण इथे आलोच नव्हतो असं जमिनीला पटवत मागे मागे सरकायचं. आता वाटतं, त्या वयात मला ते जरा जास्तच चांगलं जमत होतं.

आमची मुख्य व्हर्ना स्कॉगन. साठीला टेकलेली, रुंद हाडाची, आधीची सगळी हयात दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली. रोपाचं भांडं ती नाडी बघितल्यासारखं दोन बोटांत धरायची. दरीतलं ग्रीनहाऊस तिनं उभं केलं होतं, आणि तिचा नियम एकच होता. केटल खिंडीतलं बी केटल खिंडीतच परत जाईल. हॅना तळ्याचं हॅना तळ्यावर. सप्टेंबरात बी वेचायला ती लोकरीचे जुने मोजे घेऊन जायची, प्रत्येक जागेचा मोजा वेगळा, आणि एका मोज्यातला दाणा दुसऱ्यात जाऊ नये म्हणून मध्ये हात धुवायची. केटल खिंड डोंगराच्या ओल्या अंगाला, हॅना तळं पलीकडे कोरड्या अंगाला. सरळ रेषेत अंतर अकरा मैल. लव्हाळा दोन्हीकडे एकच, नाव एकच, पुस्तकातलं चित्रसुद्धा एकच. मी एकदा विचारलं, "व्हर्ना, गवताला काय कळतं हो?" ती म्हणाली, "तुला तुझ्या घराचा जिना अंधारात कळतो ना? कितवी पायरी उंच आहे ते? तसं." मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "दुसऱ्याच्या जिन्यावर माणूस पडतं गं."

एप्रिलमधला एक गुरुवार. व्हर्ना दाढ काढायला शहरात गेली होती. जाण्यापूर्वी कोट घालता घालता ती म्हणाली होती, "नोरीन, पुढच्या हिवाळ्यापासून तू इथेच राहा माझ्याबरोबर. वर्षभर. मी उद्यानाच्या ऑफिसात बोलले आहे." मी तिच्यामागे दार लावलं आणि एकटीच मोठ्यानं हसले. स्पोकेनमध्ये माझी आई मला बँकेत चिकटवायला टपून बसली होती. आता मला बँक नको होती, काही नको होतं, हे काचेखालचं कोमट धुकं आणि ही केसांएवढी बारीक पाती एवढंच हवं होतं. त्या आनंदात मी हातगाडीवर आठ ट्रे चढवले. चार केटलचे, चार हॅनाचे. व्हर्ना एका खेपेला एकाच जागेचे ट्रे न्यायची. मी वेळ वाचवायला निघाले. दाराच्या उंबऱ्यावर चाक अडलं, गाडी तिरपी झाली, ट्रे एकमेकांवर घसरले. रोपांना काही झालं नाही. पण लाकडी पट्ट्या, आठही, चिखलात पडल्या होत्या. मी गुडघ्यांवर बसले. आठ ट्रे, आठ पट्ट्या. पाती सगळी सारखी, हिरवा दोरा कातरून पेरावा तशी. डावीकडचे केटलचे होते असं मला वाटलं. मग वाटलं, घसरताना वरचा ट्रे खाली आला. मी पट्ट्या स्वेटरला पुसल्या आणि खोचल्या. खोचताना मला ठाऊक होतं की मी ओळखत नाहीये, ठरवतेय. हा फरक मी आजपर्यंत विसरलेली नाही. व्हर्ना संध्याकाळी आली, गाल सुजलेला, तोंडात कापूस. तिला बोलता येत नव्हतं. तिनं हातानंच विचारलं, सगळं ठीक? मी म्हटलं, सगळं ठीक.

न सांगितलेली गोष्ट जागा बदलते. मे महिन्यात ती माझ्या पोटात होती, जूनमध्ये खांद्यांत, जुलैमध्ये नुसती कुठेतरी कोपऱ्यात. ऑगस्टपर्यंत मी स्वतःला पटवत आणलं होतं की पट्ट्या मी बरोबरच खोचल्या. मला तर त्या ट्रेंचे चेहरेसुद्धा आठवायला लागले होते. खोटं बोलायला दुसरं माणूस लागतं असं मला तोवर वाटायचं.

ऑगस्टअखेर लायल पेटिबोन सहा खेचरांवर लाकडी पेट्या लादून रोपं वर घेऊन आला. लायल आमचा हमालच म्हणायचा, पण त्याला तसं कुणी म्हटलं असतं तर सामान तिथेच टाकून तो परत गेला असता. वाळलेला, कमानदार पायांचा, साठीतला माणूस. दोन्ही जागांची रोपं त्याच्याकडे होती. आधी आमची केटल खिंडीत, दुसऱ्या दिवशी उरलेली हॅना तळ्यावरच्या दुसऱ्या टोळीला. व्हर्नाला तो बाईसाहेब म्हणायचा, मला पोरी, आणि खेचरांशी माणसांपेक्षा जास्त बोलायचा. सगळ्यात पुढे बिशप असे, गळ्याखाली पाद्र्यासारखा पांढरा पट्टा असलेलं काळं खेचर. त्या दिवशी बिशप कमरेपर्यंत ओला होता.

"ओढ्यात बसला," लायल म्हणाला. "उभ्या उभ्या बसला. बाप्तिस्मा घ्यायची लहर आली असेल. बाईसाहेब, त्याच्या पेट्यांतले चार ट्रे भिजले. दोन तुमचे, दोन हॅनाचे. पट्ट्या सुटल्या होत्या, मी परत खोवल्या. सांगून ठेवलेलं बरं."

"बरोबर खोवल्यास ना?"

"मी तुमची पाती वाचत नाही आणि बिशप पट्ट्या वाचत नाही. जशा होत्या तशा खोवल्यात, देवाशपथ."

जे मी केलं होतं तेच त्यानं केलं होतं, आणि पेट्या उतरवायच्या आधी सांगूनही टाकलं होतं. मी बिशपच्या ओल्या पोटावरून हात फिरवला. तो थरथरत होता. ग्लेन इमाडा, आमचा तिसरा गडी, हिवाळ्यात याकिमाच्या शाळेत सुतारकाम शिकवणारा, तो पेट्या उतरवता उतरवता म्हणाला, "नोरीन, खेचराला सर्दी होईल या काळजीनं तुझा चेहरा पडलाय की कॉफी संपली म्हणून?" मी म्हटलं, "कॉफी." सगळे हसले. मीही.

सहा दिवस आम्ही लावणी केली. हक्लबेरीची झुडपं लाल व्हायला लागली होती, धोंड्यांतून मार्मट, त्या जाडजूड डोंगरी खारी, शिट्ट्या घालत होत्या, पाण्यानं बोटं बधिर व्हायची आणि रात्री पांघरुणात ती जागी होऊन ठणकायची. सातव्या दिवशी सकाळी दव उतरल्यावर व्हर्ना वरच्या दगडावर चहाचा मग घेऊन उभी होती. ती बराच वेळ हलली नाही. मग चहा खाली ठेवून उतरली आणि तळ्याकडच्या टकलाजवळ गुडघे टेकून बसली. "इकडे या," ती म्हणाली. आम्ही दगडांवरून उड्या मारत गेलो. लावलेल्या लव्हाळ्याचे मधले तीन चौकोन शेंड्याला पिवळे पडले होते. आजूबाजूचा सगळा अजून हिरवा. "थंडी लागली असेल," ग्लेन म्हणाला. व्हर्नानं एक पातं तोडून ओठांवर धरलं. "थंडी सगळ्यांना लागली. याला हिवाळा लागलाय. कोरड्या अंगाचं आहे हे, तिकडे ते वाढ लवकर आवरतं." तिनं पातं खाली ठेवलं, तोडलं होतं त्याच रोपाच्या शेजारी. "हे हॅनाचं आहे."

मी तिच्या शेजारी उभी होते. तिच्या मानेवर उन्हानं पडलेल्या सुरकुत्यांची जाळी होती, तिच्यात मातीचा एक कण अडकलेला. मी त्या कणाकडे बघत राहिले. बोलायला तोंड उघडलंही. ग्लेन म्हणाला, "बिशप!" आणि व्हर्नानं डोळे मिटून मान हलवली, "बिशप." दोघांनी मिळून माझ्या तोंडातून तो शब्द काढून घेतला असं मला वाटलं. हे खरं नाही. मी तो दिला.

सोमवारी लायल शिधा घेऊन आला तेव्हा व्हर्नानं त्याला तो पिवळा तुकडा दाखवला. त्यानं टोपी काढली. टोपीखालचं त्याचं कपाळ पांढरंफटक होतं, तेवढंच त्याच्या अंगावर म्हातारं दिसत होतं.

"किती रोपं?"

"मोजली नाहीत अजून. पण उपटावी लागतील सगळी."

"म्हणजे माझं चुकलं."

"पाण्यात पडलेलं सामान माणूस घाईतच उचलतं, लायल. पण ऑफिसला कळवावं लागेल मला."

"कळवा की बाईसाहेब. हेलिकॉप्टरवाले नाचतील." ऑफिसात दोन वर्षांपासून घोळ चालू होता, खेचरं बंद करून सामान हवेतून टाकायचं, लायलचा करार त्याच हिवाळ्यात पुन्हा व्हायचा होता. हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं. तो वळून बिशपजवळ गेला. इतर वेळी तो त्याच्या कानात पुटपुटायचा. त्या दिवशी दोन हात लांब उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चौदा वर्षं. चौदा वर्षं तुझं कौतुक केलं, आणि तू मला म्हातारपणी बाईमाणसासमोर खाली बघायला लावलंस." बिशपनं कान मागे घेतले. मग लायल उतरून गेला, आणि शेवटच्या वळणापर्यंत त्याचा आवाज येत होता, रागावलेला, अखंड.

मंगळवारी व्हर्नानं रेडिओवर कळवलं. रोपं पोचवताना अदलाबदल. एवढंच बोलली. मंगळवार, बुधवार, गुरुवार आम्ही उपटत होतो. लावताना सहा दिवस लागले त्याला उपटायला कमी लागायला हवे होते. पण व्हर्नाला मुळं शाबूत हवी होती, ती हॅनाला परत पाठवायची होती. प्रत्येक रोपाखाली चार बोटं घालायची आणि ते सैल होईपर्यंत थांबायचं. दहा-बारा दिवसांतसुद्धा त्यांनी जमीन धरली होती. सुटताना एक बारीक आवाज यायचा, कापडाचा टाका उसवल्यासारखा. सहाशे वेळा. मी तो ऐकत मनाशी बोलत होते. बोलले तर लायल सुटेल. बोलले तर ग्रीनहाऊस गेलं, हिवाळा गेला, हे सगळं गेलं, आणि स्पोकेनच्या बँकेच्या काउंटरमागे बसून मी आयुष्यभर लोकांना सुट्टे देणार. नाही बोलले तर कोणालाच काही कळणार नाही. आणि लायलचा करार काय, होईलही, चांगला माणूस आहे, सगळ्यांना माहीत आहे. माणूस दुसऱ्याच्या चांगुलपणावर असा हक्कानं भार टाकतं! जणू तो चांगला आहे म्हणजे त्याला कमी लागेल.

शुक्रवारी दुपारी, शेवटची ओळ उपटायची उरली असताना, ग्लेननं उपटलेली रोपं शेवाळात गुंडाळून ट्रेमध्ये परत भरली. एक ट्रे भरला, दुसरा भरला. तिसरा भरला. तो कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. "गंमत आहे," तो म्हणाला. "बिशपच्या पेट्या मी स्वतः उतरवल्या. आपले ओले ट्रे दोनच होते. चुकीचे तीन कसे? दुसऱ्या खेचरालाही दृष्टांत झाला वाटतं."

व्हर्नानं मान वर केली. तिच्या कपाळावर आठी पडली. ती आता माझ्याकडे बघेल. तिनं बघितलं नाही. "मग लायलनं ओढ्यावर बाकीच्या पेट्याही उघडल्या असणार," ती म्हणाली. "आणि ते मात्र सांगितलं नाही." तिच्या आवाजात पहिल्यांदा नाराजी होती. सात दिवसांत तिनं त्याला चुकलेला म्हटलं होतं, लपवणारा म्हटलं नव्हतं. ते विशेषण माझं होतं. ते त्याच्या अंगावर घातलं जाताना मी समोर बसून बघत होते, आणि त्याला ते अजिबात मापाचं नव्हतं.

"नाही उघडल्या त्यानं," मी म्हटलं. "माझ्या हातून झालंय ते. एप्रिलमध्ये. गाडी कलंडली होती, पट्ट्या पडल्या होत्या. मी अंदाजानं खोचल्या."

ग्लेन दुसरीकडे बघायला लागला. व्हर्नाच्या बोटांत एक रोप होतं, ते तिनं सैल होऊ दिलं, उचललं, शेवाळात ठेवलं. मग पुढचं. तिनं ती ओळ पूर्ण केली. सतरा रोपं राहिली होती. मी सतरा मोजली.

"एप्रिलमध्ये कधी?"

"तुम्ही दाढ काढायला गेला होता तेव्हा."

"मी तुला विचारलं होतं."

"हो."

"तोंडात कापूस होता माझ्या, तरी विचारलं होतं." तिनं हात चोळून माती पाडली. "आता मला सांगून काय उपयोग? मी खेचरं हाकत नाही. उद्या उजाडल्यावर खाली जा. त्याला सांग. चिठ्ठी-बिठ्ठी देणार नाही मी, तोंडानं सांग."

चौदा मैल उतार. मला वाटेतलं काही आठवत नाही. ज्या वाटेवर मी आदल्या वर्षी प्रत्येक वळणाला थांबले होते तिथलं एक झाडही आठवत नाही. फक्त ओढा आठवतो. बिशप बसला होता ती जागा. पाणी घोट्याएवढं होतं, तळाला गुळगुळीत दगड. मी मुद्दाम सावकाश ओलांडला आणि मध्येच घसरले.

लायल कुंपणाशी पालथ्या बादलीवर बसून खोगिराखालच्या घोंगडीला टाके घालत होता. "एकटीच? बाईसाहेबांनी हाकललं काय?"

मी उभ्यानंच एका दमात सांगितलं. सुई थांबली.

"थांब. म्हणजे मी ओढ्यात खोवल्या त्या बरोबर खोवल्या?"

"तुम्ही होत्या तशाच खोवल्या. मुळात त्या चुकीच्या होत्या."

"मी बरोबर खोवल्या."

"हो, लायल."

"हं." त्यानं घोंगडी मांडीवरून बाजूला ठेवली, घडी घालून. त्याला आनंद झाल्यासारखं मला एक क्षण वाटलं, आणि मी मूर्खासारखी हलकी झाले. मग तो म्हणाला, "पण मग बिशप?"

मी कुंपणाकडे पाहिलं. पाच होती.

"परवा गेला. गुरुवारी. ओमाककडचा एक जण कधीचा मागत होता. मी ऑफिसात फोन करून सांगितलं, पाय घसरणारं जनावर काढून टाकलंय, आता तुमची रोपं सुखरूप येतील." तो हातातल्या सुईकडे बघत होता. "ट्रकात चढताना त्यानं वळून पाहिलं गं. नेहमी पाहतो. मी मागच्या मागे निघून आलो. रागात होतो ना."

"मी जाऊन आणते त्याला."

"तू आणतेस! तुला खेचर ट्रकात चढवता येतं का?"

"नाही."

"साधा दोर तरी बांधता येतो का?"

"नाही."

"मग काय आणतेस?" तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं सुई घोंगडीत खोवली आणि म्हणाला, "आत कॉफी आहे. घे ओतून. चालून आलीस." मी म्हटलं, "तुम्हाला?" तो म्हणाला, "मला नको." मी आत जाऊन त्याच्या टेबलाशी उभी राहून ती कडू कॉफी प्यायले, सगळी, कारण ती टाकून देण्याचा मला हक्क नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर पोचले तेव्हा व्हर्ना रिकाम्या केलेल्या चौकोनाशी होती. "सांगितलंस?" "हो." "काय म्हणाला?" मी म्हटलं, "त्यानं बिशप विकलाय." व्हर्ना खाली बसली. दगडावर नाही, गवतावर. दोन उन्हाळ्यांत मी तिला गवतावर बसलेलं पाहिलं नव्हतं. ती बराच वेळ तशीच बसून राहिली आणि उठली तेव्हा तिथे तिच्या आकाराचा खळगा पडला होता. तो बोटांनी उभा करायला मी वाकले. ती म्हणाली, "राहू दे." रेडिओवर ती त्याच सकाळी बोलली होती, हे मला ग्लेननं नंतर सांगितलं. चूक ग्रीनहाऊसमधली, लायल पेटिबोनची नाही. तिकडून विचारलं, ग्रीनहाऊसमध्ये कोणाची? व्हर्ना म्हणाली, "ग्रीनहाऊस माझं आहे," आणि बटण बंद केलं.

मार्चमध्ये मी दोन बस बदलून ओमाकला गेले. कशाला, ते मला सांगता येणार नाही. त्या माणसानं बिशप परत द्यायला साफ नकार दिला; त्याची धाकटी मुलगी बिशपवर बसायला शिकत होती. "चांगलं जनावर आहे," तो म्हणाला. "पेटिबोननं का विकलं कोण जाणे. काही खोड असेल तर सांगा बाई." मी म्हटलं, "काही खोड नाही." तारेशी उभी राहिले. बिशप आला, माझ्या कोटाचा खिसा हुंगला, त्यात काही नव्हतं, गेला. मी त्याला काहीतरी म्हणायचं ठरवून आले होते. माणसाला सांगायला पाच महिने लावल्यावर खेचराला घाईनं सांगण्यात काय अर्थ होता?

आता सगळ्यांचं सांगते. हॅनाला पाठवलेल्या सहाशे रोपांतली अर्धी जगली. तिकडे चुकून गेलेल्या आमच्या रोपांचा तो पहिलाच हिवाळा शेवटचा ठरला. बिशप तेहतीस वर्षांचा होऊन मेला, त्या मुलीनं मला कार्ड पाठवून कळवलं. ती तेव्हा दोन पोरांची आई होती. ग्लेन शाळेतून निवृत्त झाला आणि चार वर्षांपूर्वी याकिमालाच वारला. तीन ट्रेंची गोष्ट त्यानं शेवटपर्यंत कुणालाही विनोद म्हणून सांगितली नाही, आणि त्याच्यासारख्या माणसाला ते जड गेलं असणार. व्हर्नानं मला त्या हिवाळ्यात ठेवून घेतलं. पण वर्षभर मला पट्ट्या लिहू दिल्या नाहीत. मी माती चाळायची, झारी धरायची, ती लिहायची. पुढच्या वर्षी एका सकाळी तिनं न बोलता पेन्सिल माझ्या पुढ्यात ठेवली आणि दुसऱ्या बाजूच्या बाकाकडे निघून गेली. व्हर्ना वारली त्याला आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली. तिच्यानंतर ते ग्रीनहाऊस मी एकोणीस वर्षं सांभाळलं. केटल खिंडीत मी अडुसष्टाव्या वर्षी शेवटची चढले. तो चौकोन शोधला. सापडला नाही. सगळीकडे लव्हाळाच होता.

आणि लायल. ऑफिसनं त्याचा करार केला, आणि पुढचे नऊ उन्हाळे तोच आमचं सामान वर आणत राहिला. मला तो पोरी म्हणायचा, कॉफी द्यायचा, पावसाबद्दल बोलायचा. त्या गोष्टीचा शब्द त्यानं कधी काढला नाही. फक्त माझं बोचकं तो स्वतः बांधायचा, आणि त्याला अशी गाठ मारायचा की वर पोचल्यावर इतरांची बोचकी एका ओढीत सुटायची आणि मी आपली पाऊण तास दात लावून, खिळा घालून, नखं मोडून बसलेली असायची. ग्लेन कापायला चाकू द्यायचा. मी कधी घेतला नाही. नवव्या उन्हाळ्यात मी नेहमीसारखी दगडावर मांडी ठोकून बसले, दोराचं टोक धरलं, आणि गाठ एका ओढीत सुटली. मी खाली वाटेकडे बघितलं. खेचरं वळणाआड गेली होती. पुढल्या वर्षी लायल येणार नाही हे मला तेव्हा कळलं, आणि तो आला नाही.